बिऱ्हाड हलवतोय, नौपाड्यातून ऐरोलीला : बांधाबांधीचे अनुभव सांगाल का?

घंटाळीकरीण

नमस्कार मंडळी,

आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेली आहे. २५ मेपर्यंत घर रिकामं करून द्यायचं आहे. ऐरोलीत भाड्याची जागा ठरली. सिडकोची जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. इथेही तिसरा मजला आणि लिफ्ट नाहीच. बिल्डर तीन वर्षं म्हणतोय, म्हणजे हा सगळा संसार एकदा तिकडे न्यायचा आणि तीन वर्षांनी परत आणायचा.

घरात आम्ही पाच जण. सासरे ७८ वर्षांचे, सासूबाई ७२ च्या, मी, नवरा आणि आठवीतली मुलगी. सासूबाईंनी या घरात ४४ वर्षं काढली. स्वयंपाकघरावरचा माळा मी लग्न होऊन आले तेव्हाही भरलेलाच होता. पितळी पातेली, बंब, पाटा-वरवंटा, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, दोन पत्र्याच्या ट्रंका. सासऱ्यांची पुस्तकं तीन कपाटं आणि पलंगाखाली दिवाळी अंकांचे गठ्ठे.

हातात सहा आठवडे आहेत. रोज ऑफिसातून आले की एक कप्पा उघडते, त्यातलं अर्धं बाहेर काढते आणि रात्री तसंच परत आत ठेवते. कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. पॅकर्सना सांगावं की टेम्पो करून आपणच न्यावं? माळ्याचं काय करावं? ज्यांनी हे केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा. मला खरंच गरज आहे.

विंचवाचं बिऱ्हाड

ताई, बँकेच्या नोकरीत ३१ वर्षांत ९ बदल्या झाल्या, त्यामुळे या विषयावर अधिकाराने लिहितो.

तुमचा कप्पा रोज परत भरला जातोय, कारण तुम्ही या घरातून सुरुवात केली आहे. सुरुवात ऐरोलीतून करा. या रविवारी मोजपट्टी, वही आणि मुलीला घेऊन तिथे जा. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, दाराची रुंदी, जिन्याच्या वळणाची रुंदी, खिडक्या, प्लग कुठे आहेत, ओट्याखाली किती जागा आहे, सगळं लिहून घ्या. घरी येऊन चौकटीच्या कागदावर खोल्या काढा आणि पलंग, कपाटं, फ्रिज, देवघर कागदावर बसवा. ज्या वस्तूला त्या कागदावर जागा सापडली नाही, तिच्याबद्दल निर्णय घ्यायचा आहे. बाकीच्यांबद्दल डोकं शिणवू नका. माळ्यासमोर उभं राहून 'हे ठेवू का टाकू' असा विचार केला की माणूस सगळंच ठेवतो. 'हे ऐरोलीत कुठल्या भिंतीला लागेल' असं विचारलं की उत्तर पटकन येतं.

दुसरं, खोक्यांची वही. प्रत्येक खोक्याला आकडा द्या. वहीत आकड्यापुढे दोनच गोष्टी : नव्या घरात कुठल्या खोलीत जाणार आणि आत काय आहे. 'बेडरूमचं सामान' असं लिहू नका, कारण तुमची इथली बेडरूम आणि तिथली बेडरूम एक नाही. आकडा आणि खोली खोक्याच्या दोन बाजूंना जाड मार्करने लिहा. फक्त वरच्या झाकणावर लिहिलं की खोकी एकावर एक रचल्यावर काहीच दिसत नाही. आत काय आहे ते मात्र बाहेर लिहू नका, ते वहीतच राहू दे. हमाल, शेजारी, जिन्यातून जाणारे येणारे, सगळे वाचत असतात.

सामान हलवायच्या दिवशी ही वही एका माणसाच्या हातात, आणि तो माणूस नव्या घराच्या दारात. खोकं आलं की आकड्यावर खूण आणि 'आतली खोली', 'स्वयंपाकघर' एवढंच बोलायचं. दुसरा माणूस जुन्या घरात, तिसरा टेम्पोपाशी. टेम्पोपाशी कुणीतरी हवंच.

पुस्तकांना मोठी खोकी घेऊ नका. औषधांच्या दुकानात लहान, जाड पुठ्ठ्याची खोकी मिळतात, ती उत्तम. घरातल्या सगळ्यात बारीक माणसाला खोकं जमिनीवरून उचलता आलं पाहिजे, हे माप. फळांच्या पेट्या वाशीच्या मार्केटात भरपूर मिळतील, पण त्यांत ओल असते आणि झुरळांची अंडीही येतात. पुस्तकांना आणि कपड्यांना नकोच. तळाच्या फटीवर टेपच्या दोन उभ्या पट्ट्या आणि दोन्ही कडांना एकेक आडवी. एकच पट्टी मारलेला तळ जिन्यात उघडतो. नागपूरला माझ्या मुलाच्या पुस्तकांचं तसं झालं होतं, पावसात.

पलंग, टेबल सोडवलं की त्याचे स्क्रू आणि नट एका लहान पिशवीत घालून त्याच फळीला टेपने चिकटवा. सगळे स्क्रू एका डब्यात ठेवले की कुठला कुणाचा ते कळत नाही. टीव्ही, वायफाय यांच्या वायरी काढण्याआधी मागून फोटो.

आणि पहिल्या रात्रीची पिशवी. ती टेम्पोत नाही, तुमच्या हातात. चहा, साखर, एक पातेलं, गाळणं, सुरी, लायटर, दोन बल्ब, टेस्टर, पेचकस, एक्स्टेंशन बोर्ड, बादली-मग, साबण, पाच जणांच्या चादरी, चार्जर, नवं कुलूप. सासू-सासऱ्यांची औषधं आणि फाइल या पिशवीतही नको, ती पर्समध्ये.

तिसऱ्या मजल्यावरून

काकांच्या मोजपट्टीला जोरदार अनुमोदन. कोपरखैरण्याला आलो तेव्हा आजोबांचा सागवानी दिवाण जिन्याच्या वळणावर अडकला. तो आमच्या जुन्या घरात सुताराने खोलीतच बनवला होता, दारातून तो कधी आत आलाच नव्हता. अर्धा तास चार माणसं जिन्यात, वरचे खाली येऊ शकत नाहीत, खालचे वर जाऊ शकत नाहीत. शेवटी तिथेच पाय कापावे लागले. जुन्या घरातलं मोठं लाकडी सामान असेल तर सुताराला आधी दाखवा, सांधे सोडवता येतात का बघा.

खारेगाव टेम्पो

आमचा घरचा टेम्पोचा धंदा आहे, म्हणून लिहितो.

पाच माणसांचं, ४४ वर्षांचं घर छोट्या हत्तीत एका खेपेत मावत नाही. त्याचा हौदा साधारण सात फुटांचा. दोन-तीन खेपा करण्यापेक्षा एक मोठी गाडी घ्या आणि हवा तर झाडं, देवघर, काचेचं सामान यांसाठी एक छोटा हत्ती. पण नौपाड्याच्या गल्लीत मोठी गाडी वळते का, ते गाडीवाल्याला आधी आणून दाखवा. फोनवर 'हो, येईल' सगळेच म्हणतात. गाडी कोपऱ्यावर उभी राहिली तर सामान तेवढं लांब वाहून न्यावं लागतं आणि हमाल त्याचे वेगळे पैसे मागतात. तो त्यांचा हक्क आहे. आदल्या रात्री शेजाऱ्यांना सांगून दारातल्या दुचाक्या हलवून घ्या, दोरी बांधून जागा धरा.

रस्ता कळवा पूल, विटावा, ऐरोली. मुलुंडवरून ऐरोली पुलाने आलात तर लांबही पडेल आणि टोलही. ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल माफ झालाय, मोठ्या मालगाड्यांना नाही. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली उंचीचं बघा, उंच बंद बॉडीची गाडी असेल तर गाडीवाल्याला आधीच विचारा. पाऊस झाला की तिथे पाणीही भरतं. मे महिन्याची तारीख आहे ती पुढे ढकलू नका. वळवाचा पाऊस मेमध्येही येतो, त्यामुळे ताडपत्री गाडीत आहे ना ते सकाळी स्वतः बघा.

शनिवार-रविवार आणि महिनाअखेर टाळा. सगळे भाडेकरू तेव्हाच हलतात, चांगली माणसं मिळत नाहीत. मधला वार, सकाळी साडेसहाला गाडी दारात. शहरात अवजड गाड्यांना काही तास बंदी असते, ते तास गाडीवाल्याला माहीत असतात, त्याच्याशी बोलूनच वेळ ठरवा.

पैसे ठरवताना तीन गोष्टी तोंडानेच नाही, लिहून : दोन्हीकडचे मजले, पलंग-कपाट सोडवणं आणि जोडणं कोण करणार, खोकी खोलीत लावणार की दारात ठेवणार. भांडणं होतात ती याच तीन गोष्टींवरून.

लोखंडी कपाट रिकामं करा. 'कपडेच आहेत, राहू देत' म्हणतात आणि मग कपाट जिन्यात कलतं, दारं वाकतात, पुन्हा कधी नीट लागत नाहीत. आतला लॉकर उघडून दाखवा रिकामा आहे म्हणून, हमालांनाही बरं वाटतं. आणि माणसांना पाणी द्या, मध्ये चहा-नाश्ता द्या. मेच्या उन्हात तीन मजले खाली, दोन मजले वर.

पनवेल लोकल

पॅकर्सबद्दल विचारलंत म्हणून आमचं सांगते. नेरुळहून पनवेलला जाताना नेटवर बघून एका पॅकर्सना काम दिलं. फोनवरच दर सांगितला, इतरांपेक्षा बराच कमी. घर बघायला कुणी आलं नाही. सामान गाडीत चढल्यावर म्हणाले, सामान जास्त आहे, दुप्पट द्या, नाहीतर गाडी हलणार नाही. दोन वर्षांचं लेकरू कडेवर, घर मालकाला ताब्यात दिलेलं. आम्ही दिले. आजही आठवलं की हात थरथरतात.

तेव्हापासून सगळ्यांना सांगते. घरी येऊन सामान बघितल्याशिवाय जो दर सांगतो त्याला काम देऊ नका. दर कागदावर, त्यात सामानाची यादी आणि 'यापेक्षा जास्त आकारणार नाही' हे वाक्य. पैसे एकरकमी आधी देऊ नका, मोठा हिस्सा सामान उतरल्यावर. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो. 'इन्शुरन्स आहे' असं म्हटलं तर पॉलिसीचा कागद मागा, त्यात तुमचं नाव आणि सामानाची किंमत दिसली पाहिजे. आणि अडवलंच तर घाबरू नका, ११२ ला फोन करा. नंतर तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आम्हाला तेव्हा हे दोन नंबर सुचलेच नाहीत.

चांगले पॅकर्सही आहेत. माझ्या बहिणीचा अनुभव उत्तम होता. पण ती आधी त्यांच्या गोदामात जाऊन आली होती.

घंटाळीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी ऐरोलीला जाऊन मापं घेतली. मुलीने कागदावर खोल्या काढल्या, आता रात्री जेवण झालं की सगळे त्या कागदाभोवती बसतो. सासऱ्यांनी स्वतःच सांगितलं की पुस्तकांचं एकच कपाट बसतंय, बाकीचं निवडतो. दिवाळी अंकांवर मात्र गाडी अडली आहे.

खारेगाव, तुमचं वाचून पॅकर्सचा विचार सोडला, टेम्पोच करतोय. पनवेल लोकल, तुमचं वाचून फार वाईट वाटलं.

आता स्वयंपाकघर. सासूबाई म्हणतात, 'बरण्या मी मांडीवर घेऊन जाईन, टेम्पोत देणार नाही.' मोठी बरणी पाच किलोची आहे. आणि वाळवणं? त्यांना गच्ची सुटायच्या आत पापड-कुरडया करायच्या आहेत. मी नाही म्हणू शकत नाहीये.

गोडा मसाला

नाही म्हणू नका. करू दे त्यांना. ऐरोलीच्या इमारतीत गच्चीला कुलूप असेल तर पुढची तीन वर्षं होणार नाहीत. फक्त थोड्या करा आणि कडकडीत वाळवून घट्ट डब्यात भरा. कुरडया अशा खोक्यात ठेवा ज्यावर दुसरं काहीही येणार नाही.

स्वयंपाकघर शेवटी बांधायचं, पण रिकामं करायला आजपासून लागा. या सहा आठवड्यांत किराणा भरू नका, आहे ते संपवा. कडधान्यांचे तळ, अर्धी पाकिटं, मागच्या वर्षीची भाजणी, मेतकूट, सगळं ताटात येऊ दे. तेलाचा डबा फोडूच नका. टेम्पोत तेल सांडलं तर त्याखालचं सगळं गेलं.

जे डबे भरलेले न्यायचे त्यांचं झाकण काढा, तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ताणून ठेवा आणि त्यावर झाकण दाबा. वरून टेप मारण्यापेक्षा हे चांगलं, टेपचा चिकटा स्टीलवरून महिनाभर जात नाही. तिखट, हळद, मसाला दोन पिशव्यांत आणि पीठ-साखरेपासून वेगळ्या खोक्यात. रिकामे डबे रिकामे नेऊ नका, त्यांत वाट्या, चमचे, पोळपाटाची फडकी भरा. कुकरात कुकरची शिट्टी आणि रिंग, मिक्सरच्या भांड्यात त्याचं झाकण. जोडीच्या वस्तू जोडीनेच.

काचेच्या बशा आणि ताटल्या आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या लावायच्या, जशा रॅकमध्ये उभ्या असतात तशा. आडव्या रचल्या की खालच्यांवर सगळ्यांचं ओझं येतं. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या बशांना लागते, म्हणून आत जुन्या सुती साडीचे तुकडे आणि बाहेरून वर्तमानपत्र. खोक्याच्या तळाशी चादर, मधल्या फटींत टॉवेल, नॅपकिन, पायमोजे. खोकं बंद करून हलवून बघा, आवाज आला तर अजून भरा. तुमच्या घरातल्या चादरी, साड्या, गोधड्या तशाही न्यायच्याच आहेत. बबल रॅप मी फक्त टीव्हीला आणि आरशाला वापरला.

बरण्या. मेमध्ये जाताय हे बरंच आहे, कारण मागच्या वर्षीचं लोणचं संपत आलेलं असतं आणि नवीन घालायचं असतं. उरलेलं लोणचं काचेच्या लहान बाटल्यांत काढा, स्टीलमध्ये नको. बरणी गरम पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा. मग आत एक जुनी मऊ साडी सैल भरा, झाकण वेगळं गुंडाळा. तेच आधी फुटतं, कारण सगळे ते बरणीवर ठेवूनच नेतात. बरणीला बाहेरून गोधडी, सुतळी, आणि कापड भरलेल्या खोक्यात मध्यभागी उभी. सासूबाईंना मांडीवर घ्यायचीच असेल तर लहान बरणी द्या. पाच किलोची बरणी मांडीवर घेऊन एक ब्रेक लागला तर त्यांच्याच गुडघ्याला लागेल.

देवघर आदल्या रात्री त्यांनीच बांधायचं आणि सकाळी त्यांनीच आधी नव्या घरात ठेवायचं. आमच्याकडे नव्या घरात पहिलं दूध उतू घालतात. दुधाचं पातेलं आणि गॅस त्या वेळी हाताशी हवा, नाहीतर खोकी उघडत बसावं लागतं.

थंडगार

मी एसी-फ्रिजची कामं करतो. लिहिण्याची सवय नाही, पण गोडा मसाला ताईंनी गॅस म्हटलं म्हणून महत्त्वाचं आधी सांगतो.

नौपाड्यात तुमच्याकडे पाइपचा गॅस असेल तर शेगडीला त्याचे जेट, म्हणजे गॅस सोडणाऱ्या लहान तोट्या, लावलेले असतात. पाइपच्या गॅसच्या जेटचं भोक मोठं असतं, सिलिंडरच्या जेटचं बारीक. तीच शेगडी तशीच नेऊन ऐरोलीत सिलिंडरला जोडली तर ज्योत भडकते, भांडी काळी होतात, आणि ते धोक्याचं आहे. उलट केलं तर ज्योत मिणमिणते. म्हणून तिकडे काय आहे ते आजच विचारा आणि जेट जाणकार माणसाकडून बदलून घ्या. पाइपची जोडणीही स्वतः सोडवायची नाही, कंपनीचा माणूस येऊन बंद करून जातो. त्याची वेळ आधी घ्यावी लागते.

एसी काढताना त्यातला गार करणारा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून घेतात. त्यासाठी एसी चालू लागतो, म्हणजे वीज हवी. मीटर बंद करायच्या आधी एसी काढा. खूप घरांत उलटं होतं आणि मग गॅस हवेत सोडून द्यावा लागतो, नवीन भरायचा खर्च वेगळा.

फ्रिज एक दिवस आधी बंद, बर्फ वितळून पुसून कोरडा, काचेच्या फळ्या काढून चादरीत. गाडीत उभाच. नव्या घरात ठेवल्यावर तीन-चार तास प्लग लावू नका, कंप्रेसरचं तेल खाली बसू दे. आडवा आणला असेल तर अजून जास्त वेळ.

पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन असेल तर ड्रम घट्ट धरणारे लांब बोल्ट मागून लावायचे असतात. मशीन नवीन आली तेव्हा काढून ठेवलेले. सापडले तर लावा, नसतील तर मेकॅनिकला विचारा. नळ्यांमधलं पाणी आधी काढा. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच, कपड्यांजवळ कधीच नाही, आत अ‍ॅसिड असतं. टीव्ही आडवा झोपवायचा नाही, दोन गाद्यांच्या मध्ये उभा.

परतीची वाट

आम्ही पुनर्विकासात घर सोडून परत आलोय, पाचपाखाडीला. दोन मुद्दे.

कागद. चावी देण्याआधी पुनर्विकासात मिळणाऱ्या तुमच्या घराचा बिल्डरशी वैयक्तिक करार नोंदवलेला असायला हवा. हे सामान हलवण्याइतकंच निकडीचं आहे. घर सोडायच्या दिवशी विजेच्या मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, ग्राहक क्रमांक दिसेल असा. रिकाम्या घराचे प्रत्येक खोलीचे फोटो आणि ताबा दिल्याची पोच. ऐरोलीच्या घरमालकाशी लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेलाच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. पुढे गॅस, आधारचा पत्ता, बँक, सगळीकडे तोच कागद चालतो. मतदार यादीसाठी फॉर्म ८. गाडी एमएच ०४ चीच राहील, वाशीचा एमएच ४३ घ्यावा लागत नाही, फक्त आरसीवरचा पत्ता ३० दिवसांत बदलायचा. टपालासाठी नौपाड्याच्या पोस्टात नव्या पत्त्याचा अर्ज द्या, सासऱ्यांची पत्रं, एलआयसीची पाकिटं चुकत नाहीत.

दुसरा मुद्दा काकांशी थोडा मतभेद. ज्याला कागदावर जागा नाही ते काढून टाका, हे बदलीच्या घराला ठीक. तुम्ही परत जाणार आहात. आम्ही तिसरा ढीग केला होता, 'न उघडायची खोकी'. पितळी भांडी, बंब, लग्नातले अल्बम, चौरंग. या खोक्यांवर वेगळ्या रंगाची पट्टी लावली आणि ती पलंगाखाली आणि माळ्यावर ठेवली. पितळ चिंचेने घासून, पूर्ण वाळवून, कोरड्या कापडात. अल्बम प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधू नका, आत दमट राहतं. सुती कापडात, डांबराच्या गोळ्या वेगळ्या पुडीत, फोटोंना लागणार नाहीत अशा. कुठलंच खोकं थेट जमिनीवर किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून नाही. दर पावसाळ्यानंतर एकदा उघडून ऊन दाखवा.

पण खरं सांगते, तीन वर्षांनी परतताना त्यातली निम्मी खोकी आम्ही आनंदाने वाटून टाकली. तेव्हा ते सोपं गेलं. जाताना गेलं नसतं.

दिवाळी अंकांसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा. १८९३ सालची संस्था आहे, जुन्या अंकांचं मोल तिथे कळेल. घ्यायला जागा असेलच असं नाही, म्हणून गठ्ठे घेऊन थेट जाऊ नका. वर्ष आणि नाव अशी यादी करून आधी विचारा. यादी करायचं काम सासऱ्यांना द्या.

रात्रपाळी

हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. सामानाबद्दल सगळ्यांनी लिहिलंच आहे, मी सासऱ्यांबद्दल लिहिते.

७८ वर्षांचा माणूस ४४ वर्षं एकाच बाजूने पलंगावरून उतरलाय. रात्री झोपेत तो विचार करून उठत नाही, पाय आपोआप जातात. नव्या घरात पलंग उलट बाजूने भिंतीला लागला तर ते भिंतीकडे उतरायला बघतील. पडलेले आजोबा आमच्याकडे येतात तेव्हा घरचे नेहमी सांगतात, 'आत्ताच घर बदललं हो.' त्यामुळे त्या कागदावर सगळ्यात आधी त्यांचा पलंग बसवा. ज्या हाताला आत्ता भिंत आहे त्याच हाताला तिथेही भिंत. पाण्याचा तांब्या, चष्मा, काठी त्याच बाजूला. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर लहान दिवा, आणि त्या वाटेत पहिले पंधरा दिवस एकही खोकं नको. बाथरूमला धरायला दांडा आधीच बसवून घ्या, मालकाची परवानगी मागा, कुणी नाही म्हणत नाही.

सामान हलेल त्या दिवशी दोघांना शेजारी किंवा नातेवाइकांकडे बसवावं असं वाटेल. माझं मत, पूर्ण दिवस दूर ठेवू नका. घर रिकामं झालं की एकदा आत नेऊन आणा. आणि नव्या घरात त्यांची खोली पहिली लावा, बाकीचं घर कितीही पसरलेलं असू दे.

पंधरा दिवसांची औषधं, सगळे रिपोर्ट, आणि ऐरोलीत रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान आणि जवळचं हॉस्पिटल आधी बघून ठेवा.

विंचवाचं बिऱ्हाड

रात्रपाळी, ९ बदल्यांत आईला माझ्याबरोबर फिरवलं आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोनदा पडली ती. फार मोलाचं लिहिलंत.

परतीची वाट, तुमचा तिसरा ढीग मान्य.

घंटाळीकरीण

पोचलो. उशीर झाला लिहायला, माफ करा.

२१ मे, बुधवार. सकाळी पावणेसातला गाडी, दुपारी तीनला शेवटचं खोकं वर. एकूण ६८ खोकी. वही मुलीच्या हातात, ती ऐरोलीच्या दारात उभी होती आणि तिने एकही खोकं चुकीच्या खोलीत जाऊ दिलं नाही. शेगडीचे जेट खरंच बदलावे लागले. थंडगार, तुम्ही लिहिलं नसतं तर मी तशीच जोडली असती. एसी आधी काढला, दुसऱ्या दिवशी मीटर.

चुकलं ते सांगते. पहिल्या रात्रीच्या पिशवीत पडदे नव्हते. रस्त्यावरचा दिवा थेट खोलीत येत होता, चादरी खिडक्यांना बांधाव्या लागल्या. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी पडदे आणि दोरी लिहून ठेवा. पाणी किती वाजता येतं हे शेजाऱ्यांना आधी विचारायला हवं होतं, सकाळी साडेसहाला नळ गेल्यावर कळलं. आणि सासऱ्यांचा चष्म्याचा डबा अजून सापडलेला नाही, तो कुठल्याच खोक्यात लिहिलेला नाही.

दिवाळी अंकांची यादी त्यांनी अकरा दिवस बसून केली. यादी होईपर्यंत त्यांचं मन बरंच मोकळं झालं होतं. काही अंक ठेवले, बाकीच्यांना योग्य ठिकाण मिळालं.

पलंग आम्ही तसाच लावला, डाव्या हाताला भिंत. पहिल्या रात्री मी जागीच होते. अडीचला ते उठले, उजवीकडून पाय खाली सोडले, तांब्यातलं पाणी प्यायले, दिव्याच्या उजेडात बाथरूमला गेले आणि येऊन झोपले. मला हाक मारली नाही.

सासूबाईंनी काल लोणचं घातलं. कैऱ्या ऐरोलीच्या बाजारातून फोडून आणल्या, मोठी बरणी गोधडीतून काढून पुन्हा एकदा उन्हात ठेवली. दादरा बांधून ती ओट्याखाली बसली आहे. तिच्यावर खोक्याचाच आकडा मी कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवला होता, ४१. काढायला गेले तर म्हणाल्या, राहू दे, परत जाताना लागेल.